माझ्या बोटाचे तीन रंग

“मावशी, हा महारोग नाही. याला रेनॉड्स फिनॉमेनॉन म्हणतात.”

औरंगाबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, ओपीडीच्या सात नंबरच्या खोलीत डॉक्टर मॅडम हे बोलल्या, तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला आला राग. एवढं जर साधं होतं, तर अडीच महिने लोकांच्या नजरा मी कशासाठी झेलल्या? मी तोंडावर विचारलं, “मंग हे आमच्याकडं कोणालाच कसं ठाऊक न्हाई?”

मॅडम हसल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील, मुंबईत शिकलेल्या. त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं आणि समजावलं. थंडी लागली किंवा जिवाला घोर लागला की बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्त पोचत नाही, बोट पांढरं पडतं. मग निळं होतं. रक्त परत आलं की लाल होऊन ठणकतं. बस, एवढाच तो रेनॉड्स.

मग त्यांनी माझ्या तर्जनीच्या शेंड्यावरची जखम भिंगातून पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. “पण हिचं काही खरं नाही. कड काळी पडत चालली आहे. रक्त पोचलं नाही तर शेंडा काढावा लागेल.”

“किती?”

“पहिलं पेर.”

माझ्या मागं आमचे मालक उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. त्यांना ठाऊक होतं, माझा सगळा तोरा त्या एका पेरावर उभा आहे.

थंडीत ज्यांची बोटं पांढरीफट पडतात आणि जे घाबरून कुणाला सांगत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी द्वारकाबाई. सातवी पास आहे, अक्षर चांगलं आहे, आणि खरं ते सांगायची मला कधी लाज वाटली नाही. हे सगळं सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यातलं.

आमचं गाव भोकरदनपासून आठ किलोमीटर. तिथं संकरित कापसाच्या बियाण्याचे प्लॉट असतात. ते बियाणं आपोआप होत नाही, बायकांच्या बोटांतून होतं. फूल उमलायच्या आदल्या दिवशी, दुपारनंतर, मादी ओळीतली कळी अंगठा आणि तर्जनीत धरायची. अंगठ्याचं नख बुडाशी गोल फिरवायचं. पाकळ्या आणि पुंकेसर एका झटक्यात उतरवायचे आणि आतली स्त्रीकेसराची काडी तशीच उभी ठेवायची. वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. नख जरा खोल गेलं की बोंड गळतं, जरा वर राहिलं की बियाण्यात भेसळ होते.

माझ्या हातची बोंडं गळत नसत. हे मी सांगत नाही, जालन्याचे शेठजी सांगायचे. शेठजी म्हणजे बियाणं तयार करून घेणारे. चार पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं घर. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे, पण खूश झाले की हिंदीत शिरायचे. “द्वारकाबाई, आपका हाथ मतलब बिलकुल मशीन है,” असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे आणि मी मान खाली घालून मनात फुगायचे. माझ्या हाताखाली बावीस बायका होत्या. मी त्यांची मुकादम. कुणी चिमटा मागितला तर मी म्हणायचे, “चिमटा भुवया कोरायला ठेव, बाई. देवानं नख काहून दिलं?”

त्या वर्षी दिवाळीनंतर प्लॉटवर शेवटचं क्रॉसिंग चालू होतं. सकाळी कपाशीवर दव असायचं. एका सकाळी उजव्या हाताची दोन बोटं मुळ्यासारखी पांढरी पडली. पेरापर्यंत पांढरी, पुढं एकदम नेहमीच्या रंगाची, मधे आखल्यासारखी रेघ. हातातलं नर फूल खाली पडलं तरी मला कळलं नाही. थोड्या वेळानं बोटं जांभळट झाली. मी ती काखेत घातली, तेव्हा लाल होऊन अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या तासानं सगळं जिथल्या तिथं. मी कुणाला सांगितलं नाही.

पण चंद्रकलानं पाहिलं होतं. चंद्रकला म्हणजे माझ्यानंतरची सगळ्यात चांगली कामगार. तिच्या मामाची बोटं महारोगानं झडलेली तिनं लहानपणी पाहिली होती, त्यामुळे आज मी तिला दोष देत नाही. तेव्हा मात्र मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. चार दिवसांत प्लॉटवर कुजबुज पसरली. पांढरं पडतं, बधिर होतं, म्हणजे तेच. बायका आपापला तांब्या घरून आणू लागल्या. मी वाकून कुणाच्या कळीला हात घातला की ती झाडापासून जरा सरकायची. तोंडावर कुणी बोललं असतं तर मी भांडले असते. सरकणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मग मी स्वतःच शहाणपणा केला. आमच्याकडं कुठंही दुखलं की बिब्बा. मी बिब्बा तापवून त्याचं तेल तर्जनीच्या शेंड्याला लावलं. बोट तेव्हा पांढरं होतं, म्हणून भाजलेलं कळलं नाही. रक्त आल्यावर कळलं. फोड आला, फुटला, त्याची जखम झाली आणि ती भरेचना. पौष अर्धा झाला तरी ओलीच. कुणाची बोटं अशी पडत असतील तर हात जोडून सांगते, बिब्बा, चुन्याचा लेप, तापलेलं तेल, काही म्हणजे काही लावू नका. रक्तच नाही तिथं कातडी भरून येणार कुठून?

भोकरदनच्या डॉक्टरांनी मलम दिलं. तीन आठवड्यांनी म्हणाले, औरंगाबादला दाखवा. त्यांना काय संशय होता ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शेठजी घरी आले. खुर्चीवर बसून चहा घेतला, एवढ्याबद्दल मी त्यांना मानते, कारण त्या दिवसांत आमच्या घरचा चहा बऱ्याच जणांना सोसत नव्हता. पण बोलले ते कामाचंच. पुढच्या हंगामाची यादी करायची आहे, तुमची तब्येत अशी, तर मुकादम म्हणून चंद्रकलाचं नाव घालू का?

मी म्हणाले, “आखाजीपर्यंत थांबा. तवर बोट बरं झालं न्हाई तर मी स्वतः येऊन चंद्रकलाचं नाव सांगीन.”

“बराबर,” शेठजी म्हणाले. “आखाजीपर्यंत.” आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया.

अशी सगळी गोष्ट होती, आणि आता मॅडम पहिलं पेर काढायची भाषा करत होत्या. त्यांनी मला सोमवारी भरती करून घेतलं.

वॉर्डातली पहिली गोष्ट म्हणजे फॉर्म. नाव, वय, मुलं किती, साखर आहे का, सांधे दुखतात का. मग मॅडमनी विचारलं, “बिडी, सिगारेट, तंबाखू काही?”

“राम राम! आमच्या घराण्यात बायका तंबाखू खात न्हाई,” मी ताठ मानेनं म्हणाले. मॅडमनी ‘नाही’ला खूण केली. मालकांकडं बघून मी वर एक टोमणाही हाणला, “हे खात्यात. ह्यांची बोटं बघा, कशी गुलाबासारखी!”

मग तपासण्या. हातातून रक्त काढलं ते साखरेसाठी, सुजेसाठी आणि एएनए नावाच्या चाचणीसाठी. शरीर स्वतःशीच भांडायला लागलं की ते त्या चाचणीत कळतं म्हणे. स्क्लेरोडर्मा नावाचा एक आजार असतो, त्यात कातडी ताठ होते आणि त्याची सुरुवातही अशीच पांढऱ्या बोटांनी होते. माझ्यात तो निघाला नाही. तुमची बोटं पांढरी पडत असली तर ही चाचणी करून घ्या, अंदाजावर राहू नका.

एक तपासणी मला फार आवडली. मूठ घट्ट आवळायची, मॅडमनी मनगटाच्या दोन्ही नाड्या दाबून धरायच्या, मग मूठ उघडायची. तळवा भाकरीच्या पिठासारखा पांढरा. एक नाडी सोडली की रंग किती वेळात भरतो ते मोजायचं. कुठली वाट मोकळी आणि कुठली तुंबलेली, हे यंत्राशिवाय कळतं. शेजारच्या खाटेवरच्या आजींना मी ते दोनदा करून दाखवलं.

बुधवारी मला डॉपलरला नेलं. आवाजाच्या लहरींनी रक्तवाहिनी दिसते असं ते यंत्र. मॅडमना त्या यंत्राचा भारीच नाद होता. त्यांनी दंडातली मोठी रक्तवाहिनी पडद्यावर दाखवली, तिची रुंदी मोजली. मग ब्लडप्रेशरचा पट्टा हातावर फुगवला आणि पाच मिनिटं तसाच ठेवला. हात मेल्यासारखा जड झाला. पट्टा सोडला तेव्हा रक्त धो धो आलं. त्यांनी पुन्हा रुंदी मोजली आणि ओठ चावला.

“जेवढी होती तेवढीच,” त्या म्हणाल्या. “फुलायला पाहिजे होती.”

“कोण फुलायला पाहिजे होती?”

हा प्रश्न मी विचारला याचा मला आजही अभिमान आहे. बाकीचे पेशंट मान डोलावून गप्प बसतात. मॅडम स्टूल ओढून बसल्या आणि मला सगळं नीट सांगितलं. तेच माझ्या शब्दांत सांगते.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी असं मी समजत होते. ती नळी नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात, ते आवळले की वाट अरुंद, सैल झाले की रुंद. आणि आतून तिला एक अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. त्याचं नाव एन्डोथेलियम. ब्लाउजला असतं तसं अस्तर. मॅडम म्हणाल्या, पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं की हे अस्तर नुसतं गुळगुळीतपणासाठी आहे. आता कळलंय की हुकूम त्याचाच चालतो. रक्त जोरात वाहिलं की ते अस्तरावर घासतं. अस्तराला ते कळतं. मग अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू सोडतं, तो भिंतीतल्या स्नायूंत शिरतो आणि त्यांना सैल करतो. दोन-चार सेकंदांत तो वायू संपतो, अस्तर पुन्हा नवा करतं. दिवसरात्र हेच. उलट अस्तराकडं आवळायचा निरोप द्यायचीही सोय असते. कुठं सैल सोडायचं, कुठं आवळायचं, हा तोल ते सांभाळतं.

“नायट्रिक म्हणजे नत्र?” मी विचारलं. “युरियातलं?”

“त्याच घराण्यातला, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं अस्तर तो वायू सोडत नाहीये. का सोडत नाही, ते मला कळत नाहीये.”

मला ते फार पटलं. बाहेरून दिसत नाही, कुणी मोजत नाही, आणि घर चालतंय त्याच्यावर. आमच्या घरात ते अस्तर कोण, हे सांगायची गरज नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले, “मंग आवळायचंबी तूच करतीस, ते खरंय.”

मंगळवारपासून मला निफेडिपिन नावाची गोळी चालू होती. रक्तवाहिन्या सैल करणारी. तिनं डोकं दुखायचं, तोंड गरम व्हायचं, पण बोटाला फरक नव्हता. हातांवर मालकांचे पायमोजे चढवले होते. सिस्टर हसायची. मी म्हणायचे, हसा, हातमोजे तुमच्या गावात मिळत असतील. गुरुवारी सकाळी सर्जन आले, जखम पाहिली, म्हणाले, “काळं वर सरकतंय. शनिवारी घेऊ.” मी मालकांना गावाकडं पाठवलं, बैलांचं बघायला आणि धाकट्या पोराला मामाकडं ठेवायला. ते गेल्यावर मी तोंडावर पदर घेऊन रडले. बोटासाठी रडले. एवढ्या माणसांत बाईनं एका बोटाच्या पेरासाठी रडावं याचंही वाईट वाटलं आणि तरी रडले.

आता एक गोष्ट सांगते, जी मी फॉर्म भरताना सांगितली नव्हती. लपवली नव्हती. मनातच आली नव्हती.

माझ्याजवळ मिसरीची डबी होती. मिसरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. आमच्याकडं बायका ती बोटानं दाताला लावतात. मी चौदाव्या वर्षापासून लावत होते, आईनंच शिकवलं. सकाळी उठल्यावर, दुपारी भाकर खाल्ल्यावर, तिन्हीसांजेला. पोट साफ होतं, दात बळकट राहतात, असं आम्ही समजतो. घरात ती मिठाच्या डब्याशेजारी असते. तंबाखू म्हणजे पुरुषांची, चुना लावून मळायची, थुंकायची. मिसरी म्हणजे दात घासणं. कुणी मला ‘व्यसन आहे का’ विचारलं असतं तर मी शपथेवर नाही म्हणाले असते. आणि हॉस्पिटलात वेळ जात नाही, जिवाला घोर, म्हणून मी दिवसातून सहा-सहा वेळा लावत होते. त्याच तर्जनीला जखम, म्हणून मधल्या बोटानं.

गुरुवारी दुपारी बाथरूमात माझी डबी हातातून सटकली. बोटं बधिर, धरवली नाही. झाकण उघडून सगळी पूड ओल्या फरशीवर. मालक गावाला. सिस्टरकडं मिसरी मागायला धजावले नाही. ती रात्र फार वाईट गेली. तोंडाला पाणी सुटायचं, डोकं ठणकायचं, कुणावर तरी खेकसावंसं वाटायचं.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी पायमोजा काढला आणि थांबल्या. बोट गुलाबी होतं. जखमेची कड काळीच होती, पण भोवती गरम होतं. त्यांनी मला लगेच डॉपलरला नेलं. पट्टा, पाच मिनिटं, सोडला. या वेळी पडद्यावरची रक्तवाहिनी फुललेली मलाही दिसली. फार नाही, पण फुलली.

“गोळी लागू पडतेय!” मॅडम खूश झाल्या.

मला मात्र पटलं नाही. आम्ही प्लॉटवाल्या बायका. एखादी ओळ अचानक चांगली दिसली तर आम्ही खताला शाबासकी देत नाही, आधी विचारतो, या ओळीत वेगळं काय केलं? गोळी मंगळवारपासून चालू. पायमोजे मंगळवारपासून. गुरुवारपर्यंत काळं वर सरकत होतं. मग गुरुवार आणि शुक्रवारच्या मधे वेगळं काय झालं? मी खाटेवर पडून एकेक गोष्ट आठवली. जेवण तेच, खाट तीच, पांघरूण तेच. एकच गोष्ट कमी झाली होती.

दुपारी मालक परत आले. धोतराच्या कनवटीतून त्यांनी नवी डबी काढली. मी न सांगता आणली होती, एवढं त्यांना माझं ठाऊक. डबी पाहूनच तोंडाला पाणी सुटलं.

“घड्याळ बघा,” मी म्हणाले.

“काहून?”

“बघा म्हणते ना.”

मी मिसरी लावली. चांगली दोनदा लावली, चूळ भरली, ती पण कोमट पाण्यानं, म्हणजे थंडीवर खापर फोडायला नको. अंगावर गोधडी घेतली आणि उजवा हात पांढऱ्या उशीवर उघडा ठेवला. आम्ही दोघं त्या हाताकडं बघत बसलो. दहा मिनिटं काही नाही. मग शेंडा फिका पडायला लागला. वीस मिनिटं झाली तेव्हा तर्जनी पेरापर्यंत पांढरी होती आणि जखमेची कड निळी.

मालक हळूच म्हणाले, “द्वारके, बोट इझलं की.”

मी उठले. डबी पदराला बांधली आणि मॅडमच्या खोलीपर्यंत चालत गेले. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम वाटू शकतं, मला तेव्हा कळलं.

“मॅडम, चोर सापडला,” मी डबी टेबलावर ठेवली.

त्यांनी उघडून वास घेतला. “हे काय आहे?”

“मिसरी.”

“म्हणजे तंबाखू?”

“भाजलेली.”

“मावशी! मी तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं ना?”

“विचारलं व्हतं. पण मिसरीला आमी तंबाखूत धरत न्हाई, मॅडम. पुढच्या बाईला मिसरीचं नाव घेऊन विचारा.”

मॅडमनी पेन काढलं, माझा फॉर्म मागवला, ‘नाही’वरची खूण खोडली आणि समासात स्वतःच्या अक्षरात ‘मिसरी’ लिहिलं. म्हणाल्या, “चूक माझीही आहे.” एवढी शिकलेली बाई हे म्हणाली, तेव्हा मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, खुर्चीवरच बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिनीला आवळतं. शिवाय तंबाखूतली विषं त्या अस्तराला दुबळं करतात, त्याचा वायू वाटेतच मारतात. सैल सोडणाराच गप्प झाला की आवळणाऱ्याचं फावतं. गोळी एकीकडून सैल करत होती आणि मी दुसरीकडून दिवसातून सहा वेळा आवळत होते. सगळ्यांच्याच रेनॉड्सचं कारण तंबाखू नसतं, हेही त्यांनी बजावलं. कुणाला उगाचच होतो, कुणाला दुसऱ्या आजारामुळे. पण माझ्या बोटाचा वैरी माझ्याच कनवटीला होता.

सर्जनना त्या स्वतः भेटल्या. शनिवार पुढं ढकलला. पंधरा दिवस दिले.

ते पंधरा दिवस कसे गेले ते विचारू नका. अठ्ठावीस वर्षांची सवय. पोट साफ होईना, हिरड्या शिवशिवायच्या, मालकांना उगाचच इतकं बोलले की शेजारच्या आजींनी त्यांची बाजू घेतली. तिसऱ्या दिवशी मालकांनी आपली तंबाखूची पिशवी खिडकीबाहेर फेकली. म्हणाले, “तुला एकटीला तरास कशाला? दोघं मिळून भांडू.” तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना सगळा जन्म माफ केला. दर सकाळी बोट आधी मी बघायची आणि मग मॅडम. काळं सरकायचं थांबलं. मग ते वाळलं. होळीच्या सुमारास घरी असताना खपली आपोआप पडली. खाली कोवळी गुलाबी कातडी. शेंडा जरा चपटा झाला, नख थोडं वाकडं आलं, पण पेर जागेवर.

आखाजीच्या आधी तीन दिवस मी जालन्याला गेले. शेठजींच्या दुकानात उभी राहिले आणि हात पुढं केला. त्यांनी चष्मा लावून बोट पाहिलं.

“काम होगा?”

“बोट बरं झालं न्हाई तर मी स्वतः चंद्रकलाचं नाव सांगीन, तेच बोलले व्हते ना? न्हाई सांगत.”

त्यांनी यादीत माझं नाव लिहिलं. पण शेठजींच्या यादीनं बायका येत नसतात. आषाढात प्लॉट लागले, श्रावणात कळ्या धरल्या, आणि पहिल्या दिवशी बावीसजणी आल्या खऱ्या, तांबे मात्र अजून आपापलेच होते.

मी भोकरदनच्या स्टँडवरच्या थंड्याच्या दुकानातून बर्फ आणवला होता. बादलीत टाकला. सगळ्यांना बांधावर बसवलं आणि उजवा हात बादलीत बुडवला. मॅडमनी असं करायला मनाई केलेली आहे, तुम्ही करू नका. मी एकदाच केलं. बाहेर काढला तेव्हा दोन बोटं पांढरी. “बघा,” म्हणाले. मग निळी. मग लाल. मी कुणाला सरकू दिलं नाही. “महारोगाला तीन रंग न्हाई ऱ्हात, आणि त्येच्यावरबी आता औषध हाये, त्या माणसालाबी असं वाळीत टाकू नका. हे थंडीचं आहे आणि आपल्या मिसरीचं आहे.” मग अस्तराचं सांगितलं, नत्राच्या वायूचं सांगितलं, उशीवर ठेवलेल्या हाताचं सांगितलं. बायका हसल्या. एक म्हणाली, “मिसरी सोडून पोट कसं साफ व्हईल?” मी म्हणाले, “माझं व्हतंय. दीड महिना लागला.” त्या हंगामात नऊजणींनी सोडली. बाकीच्यांनी माझ्यासमोर लावायची सोडली. तेही मी मोजते.

आज इतकी वर्षं झाली. रेनॉड्स गेलेला नाही. कडाक्याच्या थंडीत बोटं अजून पांढरी पडतात. मी गरम पाण्यानं तोंड धुते, मोजे घालते, हिवाळ्यात गोळी घेते. जखम पुन्हा एकदाही झाली नाही. मॅडमचे उपकार आहेत, मालकांचे आहेत, आणि एका पेशीच्या जाडीच्या त्या अस्तराचेही. अठ्ठावीस वर्षं मी त्याचं तोंड दाबलं आणि हात काढल्याबरोबर ते पुन्हा कामाला लागलं.

त्या बादलीच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. क्रॉसिंग शिकवायची आमची रीत अशी, की तोंडानं सांगून ते येत नाही. मुकादमीण नव्या बाईच्या मागं उभी राहते, तिचा अंगठा आणि तर्जनी आपल्या बोटांत धरते आणि पहिल्या कळ्या दोघी मिळून सोलतात. हाताला हात लागल्याशिवाय ते नख कळत नाही.

बादलीतलं पाणी मी कपाशीला ओतत होते. बायका ओळींत पांगल्या होत्या. चंद्रकला मागं राहिली. तिच्याबरोबर तिची नवी सून होती, उन्हाळ्यात लग्न झालेली, हातावरची नागपंचमीची मेंदी अजून पुरती उतरलेली नव्हती. चंद्रकला स्वतः उत्तम शिकवू शकली असती. ती थोडा वेळ माझ्या बोटांकडं बघत उभी राहिली. मग तिनं सुनेचं मनगट धरून पुढं केलं.

“द्वारकाबाई,” ती म्हणाली, “हिचा हात तुमी धरा.”

मी पदराला हात पुसले आणि धरला.